बॅटरीला विसावा

आमच्या गोठ्याच्या पत्र्यावर सौरची पॅनेलं बसली तेव्हा निम्मं गाव बघायला आलं होतं. पणदऱ्यात तोवर विहिरीवर सौरपंप बरेच होते, पण घरात बॅटरी कुणाच्या नव्हती. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तर बोलायला विषयच मिळाला. आल्यागेल्याला हाताला धरून गोठ्याच्या भिंतीपाशी न्यायचे आणि तो पांढरा डबा दाखवायचे.

"दुपारची लाईट हितं साठती. दुपारी घरात असतंय कोण वापरायला? सगळी रानात. आन सांजच्याला सगळ्या गावाला येकदम लाईट पायजे. मोटारी, कडबाकुट्ट्या, धारा काढायची मशीनं, टीव्ही. मग व्होल्टेज पडतंय, न्हायतर लाईटच जाती. त्या टायमाला आपण आपली दुपारची काढायची."

ऐकून ऐकून मला हे पाठ झालं होतं. मी म्हणायचे, दुपारचं उरलेलं कालवण रात्री गरम करून खातो त्यातलाच प्रकार, एवढं काय कौतुक त्याचं. मग ते चिडायचे.

खरं सांगायचं तर बॅटरी आणली होती ती धाकटीच्या अंड्यांसाठी. धाकटी म्हणजे माझी जाऊ. माझा दीर उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेला, त्याच्या वर्षभर आधी त्यानं कुठनंतरी जुनं अंडी उबवायचं मशीन आणलं होतं. फ्रीजएवढं कपाट, आत जाळीचे कप्पे, गरम हवा फिरवायला पंखा. तो गेल्यावर ते पडवीत पोत्याखाली पडून होतं. तीन महिने धाकटी भिंतीकडं तोंड करून बसली, आणि एक दिवस उठली, मशीन बाहेर काढलं, पुसलं, गावठी अंडी गोळा केली आणि लावली. एकवीस दिवस एका ठरावीक उबेत ठेवली की पिल्लं निघतात. पण आमच्याकडं संध्याकाळी सहा वाजले की व्होल्टेज असं पडायचं की पंखा गरगरायचा थांबून कण्हायला लागायचा. दोन खेपा तिची अंडी तशीच वाया गेली. तिसऱ्या खेपेआधी बॅटरी आली. आणि पिल्लं निघाली, सगळी नाही, पण बरीच. पिवळी, तपकिरी, सगळ्या घरभर चिवचिव. कऱ्हाटीच्या बचत गटाच्या बायका बघून गेल्या आणि म्हणाल्या, पुढची खेप मोठी लाव, सगळी पिल्लं आम्ही नेतो, आणि चांगली निघाली तर वर्षभर तुझ्याकडनंच नेतो.

हे सगळं चांगलंच झालं म्हणायचं. पण घरात आत्या होत्या. आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. दीर गेला तेव्हापासून धाकटी त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. पांढऱ्या पायाची, हा शब्द तिच्यासमोर, जेवताना, सगळ्यांच्या ताटात भाकरी असताना. "नवरा न्हाय, पदरात मूल न्हाय. हिला हितं कशापायी ठिवायची? भाऊ हाय की अंथुर्ण्याला." भाऊ होता खरा. त्याच्याकडं ती दीर गेल्यावर एक महिना जाऊन आली होती. गेली तेव्हा अंगानं बरी होती, आली तेव्हा गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. भावजयीनं तिचं ताट वेगळं ठेवलं होतं आणि अंथरूण गोठ्यात. भाऊ बघून न बघितल्यासारखं करायचा. मला म्हणाली, "आक्का, तितं परत जाण्यापरीस मेलेलं बरं."

आत्यांचं आणि मालकांचं यावरनं बरंच वाजलं. शेवटी मालकांनी तोड काढली. कऱ्हाटीची ही खेप निघाली, बायांनी पिल्लं नेली, तर धाकटी याच घरात राहील आणि तिचा धंदा करील. नाही निघाली तर दिवाळीला भाऊ न्यायला येईल. आत्या "व्हय" म्हणाल्या. त्यांना खात्री होती नाही निघणार म्हणून.

आता माझं सांगते. मी काही साधीभोळी बाई नाही. बारावी झालेली, तोंडानं फटकळ, आणि या घरात बावीस वर्षं राबलेली. मला धाकटीची माया होती. तिच्या डोक्याला तेल मीच लावायचे. आणि मला तिचा राग पण यायचा, पोटातनं यायचा. ती पाच वर्षांपूर्वी आलेली पोर, मालकांच्या मोबाईलवर त्या बॅटरीचा आलेख लावून बघायची, किती भरली, किती वापरली, आणि आमचे मालक तिच्या शेजारी उभे राहून कौतुकानं मान हलवायचे. मला कधी कुणी मोबाईलवर काही दाखवलं नाही. मी शेण काढलं, धारा काढल्या, माणसांचे डबे केले. बावीस वर्षं मी एक कुलपाचं फडताळ मागत होते, माझ्या चार वस्तू ठेवायला. "बघू की," एवढंच ऐकलं. कधी कधी मी तिला मुद्दाम उशिरा जेवायला बसवायचे. कालवणाचा तळ तिच्या ताटात वाढायचे, खारट झालेला. ती तोंडातनं ब्र काढायची नाही, आणि त्याचाही मला राग यायचा.

त्या खेपेचा विसावा दिवस नेमका खंडेनवमीला आला.

आमच्याकडं खंडेनवमीला सगळी हत्यारं पूजेला मांडतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पहार, पाभर, सगळं धुऊन, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून. आणि वर्षभर राबलेल्या हत्याराला त्या दिवशी विसावा. त्याला कामाला लावायचं नाही. आत्यांनी त्यात ट्रॅक्टर घेतला, कडबाकुट्टी घेतली, धारेचं मशीन घेतलं. मोटारसायकलीला मात्र माळ घालूनही विसावा नव्हता, कारण मालकांना दुपारनं बारामतीला जायचं होतं. मग आत्यांची नजर गोठ्याच्या भिंतीकडं गेली.

"ही बी रोजच राबती की. हिला बी आज विसावा."

मालक हसले. "आये, तिला कसला विसावा?"

"का? तिला जीव न्हाय, मग ट्रॅक्टरला हाय व्हय?"

मालकांनी पॅनेलकडनं येणारा लाल खटका खाली पाडला, आणि आत्यांनी त्या पांढऱ्या डब्याला पाच बोटं हळदीची ओढली, माळ घातली. त्यांचा समज असा की खटका पाडला म्हणजे आतली लाईट आतच राहते. कणगीचं तोंड लिंपलं की धान्य राहतं, तसं. आदल्या संध्याकाळी आम्ही ती कणगी खरवडून खाल्ली होती, बॅटरीत तळाशीच काय ते उरलं होतं, हे त्यांच्या ध्यानातच येईना.

धाकटी मशीनपाशी उभी होती. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "दादा, अंडी उद्या फुटत्यात. काही काही तर आतनं चोच मारायला लागल्यात. मशीन बंद ठिवता येणार न्हाय."

आत्या म्हणाल्या, "ती खुडूक कोंबडी हाय. खुडूक कोंबडीला अंड्यावरनं कोण उठवतंय? ती ऱ्हाऊ दे चालू."

म्हणजे मशीन गावच्या लाईटीवर चालू राहणार होतं. पण संध्याकाळी लाईट गेली तर? मालक म्हणाले, "नैवेद्य झाला की खटका वर करायचा. चार-पाच तास ऊन ऱ्हातंय, सांजच्यापुरती भरंल." धाकटी लगेच म्हणाली, "मी करते." तर आत्या अंगावर आल्या. "तू न्हाय! पूजेच्या वस्तूला आज तू शिवायचं न्हाय. उद्या सोनं लुटल्यावर बघ काय बघायचं ते."

धाकटीनं हात मागं घेतला. साडीला पुसला, काही लागलेलं नसताना. मग माझ्याकडं वळली. "आक्का, तुमी कराल तेवढं? नैवेद्य झाला की लगीच?"

"करीन की," मी म्हणाले. आणि करणारच होते. देवाशपथ सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं.

नैवेद्य झाला. पुरणपोळी होती. मालक जेवायला बसले, मी वाढत होते, धाकटी मागं मोरीवर भांडी घासत होती. जेवता जेवता मालक आत्यांना म्हणाले, "पिल्लं निघाली की मागच्या अंगाला धाकटीला येक खोली बांधून देऊ. फरशीची. मशीन तितंच ठिवील. कपाट बी करू येक भितीत."

कपाट.

मी पोळी वाढली, तूप वाढलं. आत्यांनी तोंड वाकडं केलं. मालक हात धुऊन, मोटारसायकलीची माळ काढून खिळ्याला अडकवून निघून गेले. मी माझी पोळी खाल्ली. गोड लागली नाही. मग पदराला हात पुसले आणि गोठ्याकडं गेले.

एक वाजला असेल. ऊन असं कडक पडलेलं की पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. वर सगळी पॅनेलं तापत होती आणि ते सगळं ऊन फुकट चाललं होतं. खटका खाली. मी हात वर केला, बोट खटक्यावर ठेवलं. आणि थांबले.

किती वेळ थांबले ते मला सांगता यायचं नाही. मनात म्हणाले, लाईट काय रोजच जाते का? गेलीच तर जाईल घडीभर. माझ्यासाठी कुणी कधी खटका वर केलाय? मी बोट काढून घेतलं. हात खाली आणताना माळेतलं एक फूल सुटून पडलं, ते उचलून परत खोचलं आणि घरात जाऊन पडले. झोप पण लागली. आजवर मी हे कुणाला सांगितलेलं नाही. हात विसरला नाही, मीही विसरले नाही. मी केलं नाही, कारण मला करायचं नव्हतं. एवढंच.

संध्याकाळी पावणेसात वाजता लाईट गेली. सगळ्या गावानं दिवसभर मशीनं गप्प ठेवली होती, आणि धारांच्या वेळेला विसावा संपवून सगळ्यांनी एकदम चालू केली होती. डीपीपाशी धडाका झाला तो आमच्या दारात ऐकू आला. आमच्या घरात मात्र दिवे डगमगलेसुद्धा नाहीत. बॅटरीनं उचललं होतं. आत्यांची मालिका चालू होती ती चालूच राहिली.

धाकटी मशीनच्या काचेला नाक लावून बसलेली. मला बघून हसली. "आक्का, या की हिकडं. ऐका." मी गेले. आतनं बारीक चिवचिव येत होती, अंड्यांच्या आतनं. पाच-सहा अंड्यांना भोकं पडली होती आणि एकातनं चोचीचं टोक दिसत होतं. "सकाळपातूर सगळी भाईर," ती म्हणाली. मी तिथनं उठले.

अर्ध्या तासानं डबा टी टी करून ओरडायला लागला. धाकटी पळत गेली. माळ घातलेली होती, हळद होती, ती क्षणभर हात आखडून उभी राहिली, मग वाकून बघितलं. "दोन टक्के! आक्का, दोनच टक्के! खटका खाली हाय!" आणि तशीच पळत घरात. "आत्या, टीव्ही बंद करा, समदं बंद करा, मशीनला लाईट ऱ्हाऊ द्या!"

"माझ्याच घरात मला सांगतीया," आत्या म्हणाल्या. रिमोट त्यांच्या मांडीवर होता. मी दारात होते. मी पुढं होऊन टीव्ही बंद करू शकले असते. तेवढ्यानं फार काही वाचलं नसतं, पण करता आलं असतं. दोन मिनिटांनी सगळंच बंद पडलं आणि मशीनचा पंखा थांबला.

डीपी जळाली होती, लाईट सकाळपर्यंत आली नाही. धाकटीनं बाटल्यांत गरम पाणी भरून मशीनमध्ये ठेवलं, गार झालं की बदललं. चुलीवर पाणी मीच तापवून दिलं. हो, दिलं. दर बाटलीला ती म्हणायची, "आक्का, तुमचे उपकार," आणि मी पुढची बाटली द्यायचे. मालक बारामतीवरनं उशिरा आले, बघितलं, आणि डोक्याला हात लावून बसले.

सकाळी लाईट आली तेव्हा तिनं दार उघडलं. चार पिल्लं बाहेर पडून मेली होती, ओल्या पिसांची, एकमेकांवर. बाकीची अंड्यातच. कितीकांनी भोक पाडलं होतं आणि चोच तिथंच अडकून राहिली होती. तिनं एकेक अंडं कानाला लावलं. सगळी लावली. एकही ठेवलं नाही न ऐकता. दोन वाचली, ती तिनं ओच्यात घेतली. रडली नाही.

दसऱ्याचा दिवस. दारात तोरण. मालक अंगणात मोबाईल घेऊन उभे राहिले. "खटका खालीच व्हता म्हणती ही. वर कुणी केला व्हता का न्हाय?" आणि माझ्याकडं बघितलं. "तुला सांगितलं व्हतं ना?"

मी "केला व्हता" म्हटलं नाही. "न्हाय" पण म्हटलं नाही.

आणि धाकटी बोलली. ओच्यात ती दोन पिल्लं, केस सुटलेले. "दादा, आक्कांचं नाव घिऊ नका. मी मोरीवर व्हते. आक्का गेल्या, त्यांनी हात वर केला, खटक्यावर ठिवला. मी माज्या डोळ्यांनी बघितलं. माजा जीव भांड्यात पडला, म्हणून तर मी परत बघायला गेले न्हाय."

आत्यांनी टाळी वाजवावी तशी मांडीवर थाप मारली. "मग झालं की! थोरलीनं वर केला, मग खाली कुणी केला? हीच गेली असंल शिवायला. नको म्हणलं तरी शिवली, आन पाडून ठिवला."

"मी न्हाय वं आत्या! मी कशाला माज्याच जिवावर..." ती मालकांकडं वळली. "दादा, मोबाईल द्या बरं. त्यात दिसतंय किती वाजता भरायचं थांबलं ते. द्या, मी दावते."

मालक आलेखच बघत होते. ती रेघ मी नंतर बघितली, सकाळपासनं सपाट होती. खटका वर गेलाच नव्हता, एक क्षणसुद्धा. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. बावीस वर्षांत मला त्यांनी असं नीट कधी बघितलं नव्हतं. मग मोबाईल खिशात घातला.

"ऱ्हाऊ दे आता," ते म्हणाले. "झालं ते झालं. सणाचं भांडण नको."

धाकटीचा हात पुढं केलेला तसाच राहिला.

दिवाळीला भाऊ आला. चहा प्यायला, पाय लांब करून बसला, आमच्या उसाची चौकशी केली. बहिणीशी बोलला नाही. तिनं पिशवी बांधली होती. आत्यांच्या पाया पडली, मालकांच्या पडली, मग माझ्या. ती दोन पिल्लं माझ्या हातात दिली. "आक्का, हितं बोक्याचं भ्या हाय, रातच्याला डालून ठिवा." गाडीवर भावाच्या मागं बसली आणि वळणापर्यंत मागं बघत होती. मालक गोठ्यात होते, बाहेर आले नाहीत. आमच्यात त्या दिवसाबद्दल आजवर एक शब्द झालेला नाही. मात्र मागच्या महिन्याभरात त्यांनी सुताराला बोलावून माझं फडताळ करून घेतलं, कुलपाचं. मी त्यात काहीच ठेवत नाही.

मशीन आता मी चालवते. कऱ्हाटीच्या बायकांनी निरोप धाडला होता, कुणीतरी चालवा म्हणून. शिकले मी, एवढं काही अवघड नाही. आलेख पण बघते. उन्हाळ्यात दोननंतर बॅटरी काठोकाठ भरते, संध्याकाळी लाईट गेली तरी पंखा फिरत राहतो. पिल्लं चांगली निघतात. बायका म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे.

गेल्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. कुणाच्या तरी मोबाईलवरनं, हळू आवाजात बोलत होती. खुशाली विचारली, आत्यांचे गुडघे विचारले, अंडी किती लावलीत ते विचारलं. मी सांगितलं.

"आक्का, येक विचारू? रोज मनात येतंय. त्या दिवशी तो खटका कुणी पाडला असंल वं?"

"आता काय कळायचं, बाई," मी म्हणाले. "लई दिस झालं त्याला."

"व्हय," ती म्हणाली. "तुमी तर केला व्हता वर." मागनं तिची भावजय तिला हाक मारत होती, नावानं नाही, अगं ए करून. "ठिवते, आक्का," म्हणाली, आणि फोन बंद झाला.